विरळ हवेत राहायला जाताना व्यायाम आणि रक्ताची काळजी कशी घ्यावी

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या लष्करात जाणारे जवान, रस्ते-बोगद्यांच्या कामावर जाणारे अभियंते आणि आता मॅरेथॉनच्या ओढीने जाणारे धावपटू अशी आपल्याकडची बरीच माणसे तिथे काही आठवडे किंवा महिने मुक्काम करतात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. उंचावर रक्त वाढते आणि रक्त वाढले की ताकद वाढते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, पण दुसऱ्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरू शकते.

उंचावरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, परंतु हवेचा दाब लेहमध्ये समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशावर येत असल्याने प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत कमी प्राणवायू पोचतो. त्याचा हिशेब सोपा आहे. तांबड्या पेशींतील एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलीटर प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिन १४ (म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात १४ ग्रॅम) आणि रक्तातील प्राणवायूची पातळी ९८ टक्के असेल, तर १०० मिलिलीटर रक्तात साधारण १८.४ मिलिलीटर प्राणवायू असतो. तीच पातळी लेहमध्ये ८८ टक्क्यांवर आली की तो १६.५ वर येतो. पण हिमोग्लोबिन मुळातच १० असलेल्या माणसाच्या वाट्याला तिथे जेमतेम ११.८ उरतो. रक्तक्षय अंगावर घेऊन वर जाऊ नये, ते यासाठीच.

म्हणून तयारीची सुरुवात निघण्याच्या तीन महिने आधी सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी) आणि फेरिटिन या दोन तपासण्यांनी करावी. फेरिटिन म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा अंदाज. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही हा साठा रिकामा असू शकतो, विशेषतः पाळी येणाऱ्या स्त्रियांमध्ये आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये. वर गेल्यावर काही तासांतच मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडू लागतात आणि अस्थिमज्जेला नव्या तांबड्या पेशी घडवण्याचा हुकूम मिळतो, पण लोहच नसेल तर त्या घडणार कशाच्या? फेरिटिन ३० च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात. साठा भरायला महिने लागतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात घेतलेल्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. मात्र थॅलेसेमिया मायनर हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने लोह घेऊ नये. लोहासाठी मटण, कलेजी आणि अळिवाचे लाडू आपल्याकडे सहज मिळतात. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेणे टाळावे, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते. रक्तदान हे पुण्याचे काम खरे, पण या तीन महिन्यांत ते करू नये.

व्यायामासाठी रंकाळ्याची फेरी आणि जोतिबाच्या पायऱ्या उत्तम. पन्हाळ्याची चढण तर मांड्यांना आणि हृदयाला चांगलीच कामाला लावते. मात्र पन्हाळा हजार मीटरच्याही आत आहे, त्यामुळे तिथे कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होत नाही. ती सवय वर राहूनच होते आणि तालमीत कमावलेले शरीरही त्यातून सुटत नाही. उलट धडधाकट माणूसच पहिल्या दिवशी जोर-बैठका काढायला जातो आणि आजारी पडतो.

पोचल्यावर भारतीय लष्कराची पद्धत डोळ्यांसमोर ठेवावी. २,७०० ते ३,६०० मीटरच्या टप्प्यात जवानांना सहा दिवस दिले जातात. पहिले दोन दिवस विश्रांती, मग दोन दिवस सपाटीवर दीड ते तीन किलोमीटर संथ चाल आणि शेवटचे दोन दिवस थोड्या चढासह पाच किलोमीटरपर्यंत. त्यापुढे ४,५०० मीटरपर्यंत आणखी चार दिवस आणि त्याहून वर पुन्हा चार दिवस. व्यायामाचा वेग कोल्हापुरातल्या घड्याळावर ठरवू नये. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच दम लागू द्यावा. कमाल व्यायामक्षमता १,५०० मीटरनंतर दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते आणि पुढे हिमोग्लोबिन वाढले तरी ती पूर्णपणे भरून येत नाही.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोटे चोळून गरम करावीत, नेलपॉलिश काढावे, पाच मिनिटे शांत बसावे आणि आकडा स्थिरावल्यावरच नोंद करावी. गार बोटावरचा आकडा खोटा कमी येतो. सुरुवातीला ८५ ते ९० दिसणे लेहमध्ये नेहमीचे आहे. आकड्यापेक्षा लक्षणांकडे अधिक लक्ष द्यावे. बसल्याजागी धाप लागणे, फेसाळ खोकला, असंबद्ध बोलणे किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे.

पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन वाढलेले दिसते, ते मुख्यतः रक्तातील पाणी घटल्यामुळे. पेशींची खरी वाढ व्हायला काही आठवडे लागतात. दीर्घ मुक्कामात मात्र ही वाढ मर्यादेबाहेर जाऊ शकते. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात अँडीज पर्वतातील रहिवाशांमध्ये अशा अतिवाढीतून होणाऱ्या आजाराचे वर्णन केले. पुरुषांत २१ आणि स्त्रियांत १९ किंवा त्याहून अधिक हिमोग्लोबिन, सोबत डोकेदुखी, निळसर ओठ, झोपमोड आणि तळहात-तळपायांची आग, अशी त्याची खूण आहे. घट्ट झालेले रक्त हृदयाला ढकलावे लागते आणि गुठळीचा धोकाही वाढतो. याउलट हजारो वर्षे उंचावर राहिलेल्या तिबेटी लोकांचे हिमोग्लोबिन त्याच उंचीवरच्या अँडीजवासीयांपेक्षा बरेच कमी असते आणि तरीही ते सहजपणे चढतात. ईपास-१ या जनुकातील त्यांचा खास बदल २०१० मध्ये उजेडात आला. त्यामुळे वाढत्या आकड्याचा अभिमान न बाळगता दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी करावी आणि धूम्रपान पूर्ण सोडावे. बंद खोलीत बुखारी (खोली गरम करणारी शेगडी) पेटवून झोपू नये, कारण तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो.

कोल्हापुरात परतल्यावर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन आपोआप पूर्वपदावर येते. ती घसरण पाहून लगेच लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. महिना-दीड महिन्याने सीबीसी आणि फेरिटिन पुन्हा तपासावे आणि दोन्ही व्यवस्थित असतील तर राहिलेले रक्तदान करायला हरकत नाही.