रस्ते अपघातानंतर भरपाईचा दावा करताय? या चुका टाळा

रस्ते अपघातात हाड मोडलं, चूक उघडउघड समोरच्या गाडीवाल्याची होती, पाहणारेही होते. तरी भरपाई किरकोळ मिळाली किंवा दावाच फेटाळला गेला, असं घडतं तेव्हा कारण बहुधा सुरुवातीच्या कागदांत सापडतं. मोटार अपघात दावा प्राधिकरणात पुढे जे चालतं, ते दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात आधी काय लिहिलं गेलं यावरच उभं असतं.

केसपेपरवरची एक ओळ

जखमीला कॅज्युअल्टीत आणलं की डॉक्टर विचारतात, ‘काय झालं?’ घाबरलेला नातेवाईक सांगून टाकतो, ‘गाडीवरून पडले.’ केसपेपरवर उतरतं, ‘दुचाकीवरून पडून इजा’. पुढे विमा कंपनीचा वकील नेमकी हीच ओळ दाखवतो: धडक कुणी दिलीच नाही, हे स्वतः घसरले आणि एफआयआर नंतर रचला.

म्हणून सोबत असलेल्याने अपघात कधी, कुठे, कोणत्या वाहनाने आणि कुठल्या बाजूने धडक दिल्यामुळे झाला, हे सांगावं. नंबर पाहिला असेल तर तोही. एमएलसी (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण) म्हणून नोंद झाली का, हे विचारून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. नोंद चुकलीच तर कागदावर खाडाखोड करू नका. डॉक्टरांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोलीस जबाबात खरा प्रकार नीट मांडा.

‘आधी बरे होऊ, मग तक्रार बघू’ असं बरेच जण म्हणतात. तेवढ्या उशिराने दावा बुडत नाही, पण उशीर का झाला हे तक्रारीतच लिहिलेलं हवं: बेशुद्ध होतो, ऑपरेशन होतं, सोबत एकटी आई होती, जे असेल ते. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मागून घ्या. गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला होत्या हे त्यात उलटं लिहिलं गेलं, तर दोष तुमच्यावर येतो आणि भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. हेल्मेट नव्हतं म्हणून दावा करताच येत नाही, हा मात्र गैरसमज. हेल्मेट नसल्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे समोरच्या बाजूला दाखवावं लागतं.

मुदत

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे मुदत उलटली असली तरी वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नका; पण मुदत हातात असताना त्या भरवशावर थांबू नका. फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत वाट पाहणं ही तर फार महागात पडणारी चूक आहे. दोन्ही प्रकरणं वेगळी. चालक तिकडे निर्दोष सुटला तरी दावा टिकू शकतो, कारण इथे पुराव्याचं माप कमी कडक असतं.

२०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे द्यायचा असतो, आणि त्यालाच दाव्याचा अर्ज मानता येतो. तो गेला असेलच असं गृहीत धरू नका. तपास अधिकाऱ्याला विचारा. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असंही नाही, तुम्ही राहता तिथल्या प्राधिकरणातही चालतो.

उत्पन्न आणि अपंगत्व

रक्कम सगळ्यात जास्त घसरते ती इथे. वय ३२, स्वतःचा छोटा व्यवसाय, खरं उत्पन्न महिना २०,००० आणि कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट, असं धरू. वर्षाचे २,४०,०००, पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवून ३,३६,०००. कमाईतली घट म्हणून त्याचे ४० टक्के १,३४,४००, आणि त्याला गुणायचा वयानुसार ठरलेला आकडा, म्हणजे गुणक, ३१ ते ३५ वयासाठी १६. भविष्यातल्या कमाईचं नुकसान झालं २१,५०,४०० रुपये. आता उत्पन्नाचा एकही कागद नाही म्हणून महिना १२,००० च धरले, तर हाच हिशेब १२,९०,२४० वर येतो. साडेआठ लाखांहून जास्त फरक, फक्त कागदाअभावी. आयकर विवरणपत्र नसेल तर बँकेचा उतारा, यूपीआयच्या नोंदी, ग्राहकांची बिलं आणि मालाच्या खरेदीच्या पावत्या जमवा. गृहिणीच्या कामाचंही मोल धरलं जातं, तिच्या नावापुढे शून्य लिहू देऊ नका.

कमाईतल्या घटीचे हे ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावरून थेट उचलता येत नाहीत. ‘डाव्या पायाला ४५ टक्के अपंगत्व’ म्हणजे संपूर्ण शरीराचं ४५ टक्के नव्हे आणि कमाईतली घटही तेवढीच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे तिन्ही आकडे वेगळे केले. हात गमावलेल्या ड्रायव्हरची कमाई जवळजवळ संपते, टेबलावर काम करणाऱ्या कारकुनाची तेवढी नाही. तेव्हा दाखल्यात इजा संपूर्ण शरीराच्या किती टक्के आहे, हे लिहून घ्या. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा किंवा वैद्यकीय मंडळाचा असावा, आणि ते साक्षीला येतील का, हे आधीच विचारा. ज्यांनी तपासलंच नाही त्यांचा विकत घेतलेला दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

मेडिक्लेमला मूळ बिलं देण्याआधी सगळ्यांच्या प्रती साक्षांकित करून ठेवा. फिजिओथेरपी, रिक्षा, घरी ठेवलेला माणूस, या खर्चांच्या पावत्याही तारखेनुसार लावा.

सही करण्यापूर्वी

हाडात बसवलेली प्लेट काढायची बाकी असताना तडजोड करू नका. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. उपचार पूर्ण झाल्यावर आणि पुढच्या ऑपरेशनच्या खर्चाचं डॉक्टरांचं पत्र हातात आल्यावरच आकड्यावर बोला. वकिलाने भरपाईत टक्का मागितला तर नकार द्या; बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे. महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

धडक देऊन गाडी पळाली तर काहीच मिळत नाही, असं समजून लोक गप्प बसतात. ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर इजेला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. ही रक्कम अपुरी आहे हे खरं, पण म्हणून दुसरीच विमा असलेली गाडी दाखवू नका. तो गुन्हा आहे, आणि तो उघडकीला आला की खरी जखमही कुणी मानत नाही.