इंग्रजी शब्दप्रयोग बरोबर आहे का, हे तपासताना या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून युरोपला कंटेनर निघतात आणि त्यांच्या आगेमागे इंग्रजी मेलही. मेल लिहिणारी मुलं हुशार आहेत, शंका आली की गूगल करतात. सवय चांगलीच आहे. घोळ होतो तो तपासण्याच्या पद्धतीत.

रिझल्टचा आकडा बघून निकाल देणं

सगळ्यात जास्त फसवणारी चूक ही. ‘डिस्कस अबाउट’ अवतरणचिन्हांत टाकून शोधा, ढीगभर रिझल्ट येतील. म्हणून ‘वी विल डिस्कस अबाउट द रेसिड्यू रिपोर्ट’ बरोबर ठरत नाही. एक तर गूगलचा तो आकडा अंदाजे असतो. त्यात ‘इज देअर एनिथिंग टू डिस्कस अबाउट द प्राइस’ अशी वाक्यंही धरली जातात. तिथे ‘अबाउट’चं नातं ‘एनिथिंग’शी आहे, ‘डिस्कस’शी नाही, दोन शब्द नुसते शेजारी आलेत. शिवाय हीच चूक करणारे असंख्य लोक नेटवर लिहीत असतात, तेही मोजले जातात.

त्यामुळे आकडा सोडा आणि वाक्यं वाचा. कोणी लिहिलंय, वर्तमानपत्राने, विद्यापीठाने की कुणी घाईत टाकलेल्या कमेंटने? ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं: ‘डिस्कस द रिपोर्ट’. तसंच ‘कोप अप विथ’ नाही, ‘कोप विथ’.

अख्खं वाक्य शोधणं

पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं की काहीच सापडत नाही आणि चांगलं वाक्य उगाच खोडलं जातं. शंका असलेले तीन-चार शब्दच टाका.

एकच पर्याय तपासणं

तुलना केल्याशिवाय कळत नाही. छापील पुस्तकांत कोणता शब्दप्रयोग किती येतो हे दाखवणारं गूगलचं एनग्रॅम व्ह्यूअर २०१० पासून फुकट उपलब्ध आहे. त्यात ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग’ हे दोन्ही, मधे स्वल्पविराम देऊन, टाका. पुस्तकांत काय चालतं ते आलेखावर दिसतं. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजी वेगवेगळी निवडता येते. एआयला विचारतानाही ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारू नका, तो होकाराकडे झुकतो. दोन्ही पर्याय समोर ठेवा.

लाल रेघ नाही म्हणून निर्धास्त होणं

‘ऑफ लेट’मधल्या ‘ऑफ’ला एकच एफ. दोन लिहिले तरी स्पेलिंग म्हणून तो शब्द बरोबरच, त्यामुळे साधा स्पेलचेक गप्प बसतो.

वाचणारा कोण हे विसरणं

माझ्या मते खरं नुकसान इथे होतं. ‘वी विल रिव्हर्ट ऑन द प्राइस’ म्हणजे आपल्याकडे ‘भावाचं कळवतो’. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कुठल्याही ऑफिसात ते बरोबर समजेल. पण ‘रिव्हर्ट’चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं, रॉटरडॅमचा खरेदीदार जुना भाव परत लागू होतोय की काय, या विचारात पडू शकतो. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या लर्नर्स डिक्शनरीत शब्द उघडा, उदाहरणं वाचा आणि अर्थाशेजारी ‘इंडियन इंग्लिश’ अशी खूण आहे का बघा. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) असाच आपला शब्द. देशातल्या देशात तो खुशाल वापरा. परदेशी मेलमध्ये ‘रिव्हर्ट’ऐवजी ‘रिप्लाय’ लिहा, आणि ‘डू द नीडफुल’च्या जागी नेमकं काम सांगा: कोणता कागद, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाला पाठवायचा.