एव्हन पार्करच्या छोट्या संचांचे वादन कसे ऐकावे

फ्री जॅझची, म्हणजे ठरवलेली धून व ताल बाजूला ठेवून उत्स्फूर्तपणे वाजवलेल्या जॅझची, ध्वनिमुद्रिका लावली की कान आपोआप सॅक्सोफोनच्या मागे जातात, कारण त्या वाद्याचा आवाज सर्वांत पुढे असतो आणि माणसाच्या आवाजाला तो सर्वांत जवळचा वाटतो. एव्हन पार्कर या इंग्रज सॅक्सोफोनवादकाच्या छोट्या संचांच्या बाबतीत मात्र हीच सवय आडवी येते. केवळ सॅक्सोफोनचा माग काढणाऱ्या श्रोत्याच्या हाती पाच-सात मिनिटांत तुटक फुत्कार, चिरके स्वर आणि मध्येच सोडून दिलेल्या फिरती एवढेच लागते, आणि मनाला येईल तसे फुंकणे म्हणजे हे संगीत, असा ग्रह करून घेऊन तो ते बंद करतो. येथे सुचवलेली पद्धत नेमकी उलट आहे. आधी शेजारचे वाद्य ऐकावे. सॅक्सोफोन काय करतो आहे, हे त्या वाद्याच्या संदर्भातच उलगडते.

पार्करचा जन्म 1944 साली ब्रिस्टलमध्ये झाला. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या वादनाने तो भारावला होता आणि टेनर (खालच्या आवाजाचा) व सोप्रानो (उंच आवाजाचा) हे कोल्ट्रेनचेच दोन सॅक्सोफोन त्याने आयुष्यभर हाताळले. 1966 साली तो लंडनला आला, तेव्हा तेथील लिटल थिएटर क्लबात ड्रमवादक जॉन स्टीव्हन्सच्या भोवती तरुण वादकांचा एक गट जमू लागला होता. आधी ठरवलेली धून नाही, स्वरसंगतींचा आराखडा नाही, कोणी पुढारी नाही आणि कोणी साथीदार नाही, अशा वादनाचे धडे पार्करने तेथे गिरवले.

ऐकायला बसण्यापूर्वीची तयारी फार नाही. हेडफोन असावेत, किंवा दोन स्पीकर एकमेकांपासून पुरेशा अंतरावर ठेवावेत, म्हणजे कोणते वाद्य कोठून येते हे वेगळे कळते. आवाज मध्यम ठेवावा. या वादनातील निम्म्या गोष्टी अगदी हळू घडतात हे खरे, परंतु त्या ऐकू याव्यात म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच क्षणी सोप्रानोचा उंच स्वर कानात घुसतो. एका बैठकीत वीस मिनिटांपेक्षा अधिक लांबीचे वादन घेऊ नये. तेवढेच वीस मिनिटांचे वादन तीनदा ऐकणे तासभर नवे काही ऐकण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. रागसंगीतावर कान घडलेल्या श्रोत्याने आणखी एक गोष्ट मनाशी धरावी: येथे सम येणार नाही. तिची वाट पाहत राहिले तर प्रत्येक क्षण अपुरा वाटतो. मान डोलावण्याची जागा शोधण्याऐवजी, कोणी कोणाला जागा करून दिली, याकडे लक्ष द्यावे.

पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून ‘कार्योबिन’ निवडावी. स्टीव्हन्सच्या स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बल या संचाने ती फेब्रुवारी 1968 मध्ये लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केली. संचात स्टीव्हन्स आणि पार्कर यांच्याबरोबर ट्रम्पेटवर केनी व्हीलर, गिटारवर डेरेक बेली आणि डबल बासवर डेव्ह हॉलंड असे पाच जण आहेत. हे नाव जपानी असले तरी मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही: बौद्ध परंपरेतील स्वर्गीय पक्ष्याचे हे नाव संस्कृत ‘कलविंक’ या शब्दावरून आले आहे आणि संस्कृतात त्या शब्दाचा साधा अर्थ चिमणी असा होतो. संगीतही तसेच आहे, चिवचिवाटासारखे, हलके आणि सतत जागा बदलणारे. स्टीव्हन्सचे दोन नियम पार्कर पुढे मुलाखतींतून वारंवार सांगत असे. शेजाऱ्याचे वादन ऐकू येत नसेल तर आपण फार मोठ्याने वाजवत आहोत, असे समजावे. आणि आपल्या वादनाचा इतरांच्या वादनाशी काही संबंध नसेल, तर आपण या संचात कशासाठी आहोत, असे स्वतःला विचारावे. हे दोन नियम ऐकणाऱ्यानेही स्वतःला लावून घ्यावेत. पहिल्या वेळी फक्त ड्रम ऐकावेत आणि स्टीव्हन्स कोठे थांबतो ते पाहावे. दुसऱ्या वेळी फक्त गिटार ऐकावी. तिसऱ्या वेळी पार्करकडे वळावे. तेव्हा तेवीस वर्षांचा असलेला पार्कर येथे फार थोडे आणि फार जपून वाजवतो. पहिल्या ऐकण्यात हा बुजरेपणा वाटतो. तिसऱ्या ऐकण्यात लक्षात येते की इतर चौघांच्या मधल्या फटी बुजवण्याचा मोह तो टाळतो आहे.

यानंतर लगेच ‘द टोपोग्राफी ऑफ द लंग्ज’ लावावी, म्हणजे धक्का नीट बसतो. जुलै 1970 मधील या वादनात पार्कर, बेली आणि हॉलंडचा (देशाचा, आडनावाचा नव्हे) ड्रमवादक हान बेनिंक असे तिघेच आहेत. पार्कर, बेली आणि ड्रमवादक टोनी ऑक्सली यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘इंकस’ या वादकांच्याच कंपनीची ही पहिली ध्वनिमुद्रिका होती. पार्कर पुढे इंकसमधून बाहेर पडला. त्यानंतर ती बरीच वर्षे मिळत नव्हती, आणि 2006 साली त्याने स्वतःच्या ‘साय’ या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. ‘टायटन मून’ हा पहिला तुकडाच सुमारे वीस मिनिटांचा आहे, म्हणजे एका बैठकीचा ऐवज झाला. बेनिंक स्टीव्हन्सचे नियम मानणारा नव्हे. तो दणकावतो, आणि त्याच्यासमोर जपून वाजवणे म्हणजे ऐकूच न येणे. म्हणून येथेही आधी बेनिंकला ऐकावे. त्याच्या आघातांच्या मधोमध पार्कर जिभेने रीडवर (सॅक्सोफोनच्या मुखाशी असलेल्या, फुंकल्यावर कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवर) चापट मारल्यासारखे कोरडे, तालवाद्यासारखे आवाज काढतो, किंवा एका फुंकरीत दोन-तीन स्वर एकदम चिरफाळून टाकतो. हे आवाज सुटे ऐकले तर विचित्र वाटतात. बेनिंकच्या शेजारी ठेवले की ते उत्तर म्हणून ऐकू येतात.

पार्करच्या तंत्राची माहिती येथवर आल्यावर घ्यावी, त्याआधी नव्हे, कारण तंत्र आधी कळले की श्रोता कसरत मोजू लागतो. मुख्य गोष्ट श्वासाची आहे. पुंगीवाला गालांत हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घेतो आणि नाद तुटू देत नाही. पार्कर हेच सोप्रानोवर करतो. त्याच्या जोडीला जिभेचे अतिजलद आघात आणि मूळ स्वरावर उमटणाऱ्या उपस्वरांना बोटांच्या आडवळणी रचनांनी वर आणण्याचे कौशल्य आले, की एकाच वाद्यातून दोन-तीन धारा एकदम वाहत असल्याचा भास होतो. 1975 पासूनच्या त्याच्या एकल ध्वनिमुद्रिकांत हे तंत्र शिगेला पोचले आहे. त्याची कीर्ती बरीचशी त्यांच्यावरच उभी आहे, तरीही नवख्याने सुरुवात त्यांच्यापासून करू नये असे माझे मत आहे. न तुटणाऱ्या नादात इतरांना जागा उरत नाही. म्हणून संचात तो हे अस्त्र राखून वापरतो, आणि ते नेमके केव्हा बाहेर काढतो हे ऐकण्यातच खरी गंमत आहे.

ती गंमत अनुभवण्यासाठी ‘फिफ्टिएथ बर्थडे कॉन्सर्ट’ ही लिओ रेकॉर्ड्सची दोन सीडींची जोडी सर्वांत सोयीची आहे. 1994 साली लंडनच्या डिंगवॉल्स या क्लबात झालेल्या या मैफलीत पार्करने आपल्या दोन जुन्या त्रयींबरोबर वादन केले: एकीत पियानोवर अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख आणि ड्रमवर पॉल लोव्हेन्स, तर दुसरीत बासवर बॅरी गाय आणि ड्रमवर पॉल लिटन. (दोन्ही ड्रमवादक पॉल असल्याने आडनावे लक्षात ठेवावीत.) माणूस तोच, निमित्तही तेच, शेजारी मात्र वेगळे. दोन्ही सीडींची दहा-दहा मिनिटे लागोपाठ ऐकावीत आणि लक्ष पहिल्या वेळी पियानोवर, दुसऱ्या वेळी बासवर ठेवावे. पियानोचे स्वर पट्टीत बसवलेले असतात आणि श्लिपेनबाखच्या हातात अमेरिकन जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकची आठवण कायम जागी असते; त्याच्या सोबतीत पार्करचा टेनर लांब, वळणदार ओळी बोलू लागतो आणि कोल्ट्रेन फार दूर नाही असे जाणवते. गायच्या बासला पट्टीचे बंधन नाही. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपीय, संगीतही वाजवणारा हा वादक गज आणि बोटे यांच्यात इतक्या झपाट्याने अदलाबदल करतो की तिन्ही वाद्ये एकमेकांत विणली जातात, आणि मग कोणता आवाज कोणाचा हे काही क्षण कळेनासे होते. तसे झाले तर मागे जाऊन वेगळे करत बसू नये.

पुढची निवड स्वतःच्या कलानुसार करावी. पियानो भावला असेल, तर श्लिपेनबाख त्रयीच्या 1972 मधील ‘पाकिस्तानी पोमेड’कडे वळावे आणि नंतर 1990 मधील ‘एल्फ बागाटेलेन’ लावावी. बासमध्ये कान अडकला असेल, तर 1993 मधील ‘इमॅजिनरी व्हॅल्यूज’ घ्यावी. तिचे तुकडे तुलनेने लहान असल्याने तीनदा ऐकण्याची पद्धत तेथे सहज जमते. पार्कर आणि लिटन या दोघांचीच ‘कलेक्टिव्ह कॉल्स’ ही 1972 मधील ध्वनिमुद्रिका मात्र शेवटी ठेवावी. लिटनने स्वतः जुळवलेली विद्युत उपकरणे तिच्यात घरघरतात, आणि बास किंवा पियानो यांचा आधार नसल्याने कानाला टेकायला काहीच मिळत नाही. पार्करचे नाव असलेल्या ध्वनिमुद्रिका इतक्या आहेत की सगळ्या जमवण्याच्या फंदात पडू नये. विकत घेताना वेष्टणाच्या मागच्या बाजूला सहवादकांची नावे असतात, ती वाचावीत आणि त्यांतील निदान एक नाव ओळखीचे असेल तरच पैसे द्यावेत.