व्यावसायिक हँडबॉल खेळायचं असेल तर आधी नीट उतरायला शिका

हँडबॉलमध्ये मुलगी निवडली जाते ती तिच्या फेकीवरून. कारकीर्द अडते ती बऱ्याचदा गुडघ्यापाशी. एसीएल हा गुडघ्यातला लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) फाटण्याचा धोका महिला खेळाडूंना पुरुषांपेक्षा जास्त असतो, आणि अनेकदा तो कुणाचा धक्का न लागताच फाटतो. चकवा देताना पाय अंगापासून लांब पडतो, गुडघा जवळजवळ सरळ राहतो आणि आत झुकतो. जंप शॉटनंतर, म्हणजे उडी मारून केलेल्या फेकीनंतर, एका पायावर उतरतानाही हेच घडतं.

म्हणून या दोन हालचाली आधी घोटा. चकवा देताना पाऊल फार बाहेर टाकू नका, गुडघा वाकवा आणि तो पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. जंप शॉटनंतर शक्य तेव्हा दोन्ही पायांवर उतरा. मोबाइल लावून समोरून चित्रण करा. गुडघा आत जातोय हे स्वतःला जाणवत नाही, पडद्यावर लगेच दिसतं.

वॉर्म-अपची १५ ते २० मिनिटं यासाठीच राखा: हलकं धावणं, वळणं-उतरणं, बॅलन्स बोर्डवर उभं राहून पास, शेवटी स्क्वॉट आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. सुरुवातीला सलग १५ सराव सत्रं करा, मग हंगामभर आठवड्यातून किमान एकदा. नॉर्वेत १५ ते १७ वयाच्या १,८०० हून अधिक खेळाडूंपैकी सुमारे निम्म्यांवर हीच पद्धत वापरून पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या खेळाडूंच्या गुडघ्या-घोट्याच्या दुखापती इतरांच्या जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. एवढा फायदा दिसत असताना कंटाळा येतो म्हणून हे सोडणं परवडणारं नाही. हंगामाच्या मध्यावर, सामने दाटले की नेमकं हेच आधी गळतं.

खांद्यासाठी रबर बँडने बाहेरच्या दिशेने फिरवण्याचे व्यायाम करा. सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात पूर्ण ताकदीने फेकी मारू नका, संख्या हळूहळू वाढवा. लहान मुलींना थेट दोन नंबरचा चेंडू (५४–५६ सेंमी, ३२५–३७५ ग्रॅम) देऊ नका. हातात न मावणारा चेंडू कोपर खाली पाडून ढकलला जातो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

क्लबला व्हिडिओ पाठवताना फक्त गोल जोडू नका. बचाव, परतीची धाव आणि एक अख्खा सामना द्या. डावखुऱ्या असाल तर उजव्या विंगवर आणि उजव्या बॅकवर (हल्ल्यातल्या उजव्या बाजूच्या जागा) तुम्हाला मागणी असते, ते ठळक लिहा. पहिला क्लब निवडताना नावापेक्षा मैदानावर किती मिनिटं मिळतील ते बघा.

करारावर सही करण्याआधी लेखी विचारा: शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कोणाचा? दुखापतीत पगार किती महिने चालू राहील? गरोदरपणात कराराचं काय? तोंडी आश्वासनं धरू नका.

एसीएलची शस्त्रक्रिया झालीच, तर ९ महिन्यांच्या आत सामन्यात उतरू नका, क्लबने कितीही घाई केली तरी. ९ महिने झाले म्हणूनही नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि उडी दुसऱ्या पायाच्या जवळपास आली आहे का, हे आधी तपासून घ्या.