सिफिलिसचं इंजेक्शन झालं, आता व्हीडीआरएलचा आकडा कसा पाहायचा

पेनिसिलिनच्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशीच रक्त देऊन व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलिसच्या रक्तचाचणीचा, आकडा काढून ठेवा. महिन्याभरापूर्वीचा रिपोर्ट चालत नाही, कारण मधल्या काळात आकडा चढलेला असू शकतो. पुढची सगळी तुलना याच आकड्याशी करायची असते.

नंतर ६ आणि १२ महिन्यांनी रक्त द्यायचं. आजार जुना, लपलेला असेल तर २४ महिन्यांनीही. एचआयव्ही असेल तर ३, ६, ९, १२ आणि २४ महिन्यांनी. उपाशी राहायची गरज नाही.

गोंधळ होतो तो रिपोर्ट वाचताना. नुसतं ‘रिअॅक्टिव्ह’ (म्हणजे पॉझिटिव्ह) लिहिलेल्या कागदावरून काहीच ठरवता येत नाही. रक्त देतानाच बजावून सांगा: टायटर, म्हणजे हाच आकडा, हवा. तो १:३२ असा लिहून येतो. पायऱ्या दुपटीच्या असतात: १:३२, १:१६, १:८, १:४. एक पायरी इकडेतिकडे झाली तर ती चाचणीतलीच तफावत समजा. तेवढ्यावर हरखू नका आणि घाबरूही नका. दोन पायऱ्या उतरल्या, म्हणजे १:३२ चा १:८ झाला, की औषध लागू पडलं. आजार ताजा असेल तर ही उतरण साधारण वर्षभरात दिसते, जुन्या आजारात दोन वर्षंही लागतात. उलट आकडा दोन पायऱ्या चढला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर लागण नव्याने झाली किंवा उपचार अपुरा पडला. मग डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

इंदूरमध्ये रामबागेत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून लोक पहिलं रक्त राजवाड्याजवळ देतात आणि दुसरं विजयनगरला. असं अजिबात करू नका. एका ठिकाणी व्हीडीआरएल आणि दुसरीकडे आरपीआर ही तशीच दुसरी चाचणी झाली, तर त्या आकड्यांची तुलनाच होत नाही; आरपीआरचा आकडा बरेचदा थोडा वरचा येतो. लॅब तीच, चाचणीही तीच हवी. लाज वाटते हे खरं, म्हणून सुरुवातीलाच घरापासून लांबची लॅब निवडा आणि शेवटपर्यंत तिथेच जा.

टीपीएचए ही सिफिलिसचीच आणखी एक रक्तचाचणी मात्र पुन्हा पुन्हा करू नका. उपचार पूर्ण होऊनही बहुतेकांची ती जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तेवढ्यावरून कोणी पुन्हा इंजेक्शनं सुचवलीच, तर आधी टायटर विचारा. काहींचा टायटरही १:२ वर वर्षानुवर्षं अडून राहतो. याचा अर्थ आजार उरलाच आहे असं नाही, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

जोडीदाराची तपासणी आणि उपचार सोबतच. एचआयव्हीची चाचणीही करून घ्या. गरोदर बाईच्या तपासण्या अधिक लवकर होतात, तिने वरच्या तारखांवर विसंबू नये.

खर्चाची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. इंदूरला एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात चौकशी करा. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. जाताना पहिल्या दिवशीचा रिपोर्ट आणि इंजेक्शनच्या तारखा लिहिलेला पर्चा न्या.