हातातले कसब कागदावर कसे आणावे: परदेशी कामाला निघणाऱ्या कोकणातील कारागिरांसाठी

श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंतच्या किनारपट्टीवर जांभ्या चिऱ्याच्या जुन्या घरांशेजारी जे स्लॅबचे बंगले उभे राहिले, त्यांतल्या कितीतरी बंगल्यांचा पैसा कुवेत, मस्कत, दोहा आणि जेद्दा येथे राबणाऱ्या गवंड्यांनी, सुतारांनी, वेल्डरांनी, आचाऱ्यांनी आणि ड्रायव्हरांनी पाठवलेला आहे. आज मात्र बहुतेक श्रीमंत देश पदवीधराला पुढे घेतात आणि हाताने काम करणाऱ्याला एक तर काही महिन्यांच्या परवान्यावर बोलावतात किंवा बोलावतच नाहीत. हे प्राधान्य योग्य आहे का, याविषयी माझे मत पक्के आहे आणि ते पुढे मांडणारच आहे. परंतु धोरण बदलेपर्यंत यंदा निघणाऱ्या माणसाला थांबता येत नाही, म्हणून आधी कामाचे लिहितो.

पहिली रेषा आपल्याच पासपोर्टवर

निघण्याचा विचार ठरला की सर्वप्रथम स्वतःचा पासपोर्ट उघडून पाहावा. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे निघण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. अशा माणसाला नोकरीसाठी १८ ठरावीक देशांत जायचे असेल, तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आखातातले सहाही देश या यादीत आहेत. मलेशिया, जॉर्डन आणि इराकही आहेत. जानेवारी २००७ नंतरच्या पासपोर्टवर ही नोंद नसेल, तर मंजुरीची गरज नाही असे समजावे.

ही रेषा शाळेच्या दाखल्यावर आखलेली आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. वीस वर्षे चिरा लावणारा, नुसत्या नजरेने भिंतीचा बाक सांगणारा गवंडी ‘ईसीआर’च्या रांगेत उभा राहतो, आणि हातात कधी थापी न धरलेला, गेल्या वर्षी दहावी झालेला मुलगा त्या रांगेतून सुटतो. नोंद काढायची असेल तर सरळ मार्ग दहावीचाच आहे: १७ नंबरचा अर्ज भरून राज्य मंडळाची परीक्षा खासगीरीत्या द्यावी किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करावी, आणि गुणपत्रक हाती आल्यावर पासपोर्ट पुन्हा काढण्यासाठी अर्ज करावा. ज्याचे वय ५० च्या पुढे आहे किंवा ज्याने परदेशात एकूण तीन वर्षांहून अधिक काळ काढला आहे, त्यालाही ही सूट मिळते.

तरीही घाई करू नये, कारण ही नोंद म्हणजे केवळ अडवणूक नव्हे. मंजुरीच्या निमित्ताने मालकाची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासली जाते, करारातला पगार पाहिला जातो आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. दहावी झालेल्या माणसावर यांतले काहीच सक्तीचे नाही. त्याला स्वतःचे भले समजते, असे कायद्याने गृहीत धरले आहे. मी पाहिलेल्या फसवणुकींत दहावी-बारावी झालेली मुलेच अधिक होती, म्हणून माझा आग्रह असा की दहावी झालेल्यानेही ‘ई-मायग्रेट’वर स्वेच्छेने नोंद करावी आणि मालकाकडून त्याच स्वरूपाचा लेखी करार मागावा.

व्हिसावर कामाचे नाव कोणते आहे

माझे वडील मस्कतला सुतार होते. दारांच्या चौकटी, जिन्याचे कठडे, कपाटे अशी नाजूक कामे ते करत; परंतु त्यांच्या व्हिसावर ‘लेबर’ असा शब्द होता, आणि पहिली चार वर्षे त्यांना पगारही त्याच शब्दाचा मिळाला. एजंटाने “नंतर बदलून देतो” असे सांगितले होते. आखातात व्हिसावरचा व्यवसाय हाच कायद्याच्या दृष्टीने तुमचा व्यवसाय असतो. तक्रार करायची वेळ आली तर तेथील कामगार खाते तुमचे हात पाहत नाही, तो शब्द पाहते. म्हणून करार, व्हिसा आणि ‘ई-मायग्रेट’वरची नोंद या तिन्ही ठिकाणी कामाचे नाव आणि मूळ पगार जुळतो का, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे, आणि अरबी मजकूर गावातल्या जाणकाराकडून वाचून घ्यावा. आपल्याकडे मशिदीत किंवा मदरशात अरबी जाणणारी माणसे असतात, आणि अशा कामाला ती नाही म्हणत नाहीत.

एजंटाविषयी थोडक्यात सांगतो. त्याचा परवाना क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर स्वतः शोधावा, नाक्यावर बसून पासपोर्ट गोळा करणाऱ्या मध्यस्थाला, मग तो कितीही ओळखीचा असो, कायद्यात स्थान नाही. परवानाधारक एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे १८ टक्के दराने ३५,४०० रुपये, यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि पावती देणे त्याला बंधनकारक आहे. व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाऊ नये. ज्याला ‘आझाद व्हिसा’ म्हणतात, म्हणजे कफील (ज्याच्या नावाने व्हिसा निघतो तो मालक) कागदावर एक आणि काम भलतीकडे, तो व्हिसा जिथे विकला जातो तिथे क्षणभरही थांबू नये, कारण पकडले गेल्यावर कामगारही गुन्हेगार ठरतो.

कसबाचे प्रमाणपत्र

सौदी अरेबियाने प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी दुरुस्ती यांसारख्या कामांसाठी निघण्यापूर्वी भारतातच कौशल्य चाचणी घेण्याची पद्धत सुरू केली आहे. चाचणीत प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, आणि माझ्या मते ही पद्धत दाखला पाहण्यापेक्षा कितीतरी न्याय्य आहे. ज्याने आयटीआय केलेले नाही त्याने प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाची पडताळणी करून मिळणारे प्रमाणपत्र घ्यावे. मात्र युरोपात ते आयटीआयच्या बरोबरीचे धरले जाईल, अशी आशा बाळगू नये.

युरोपकडे डोळे असतील तर दहावीनंतर ट्रेड निवडतानाच विचार करावा लागतो. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी ‘चान्सनकार्ड’ सुरू केले आहे. पदवी नसेल तर त्यासाठी किमान दोन वर्षांचे आणि स्वतःच्या देशात मान्यता असलेले व्यवसाय शिक्षण लागते. त्याबरोबर थोडे जर्मन किंवा चांगले इंग्रजी यावे लागते आणि राहण्याच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, तर वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. हा एका वर्षाचा फरक प्रवेश घेताना मुलांना कोणीच सांगत नाही, आणि पुढे तोच दार बंद करतो. कॅनडात कारागिरांसाठी स्वतंत्र योजना आहे. तिच्यात गेल्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव आणि बेताचे इंग्रजी पुरते, परंतु तेथील नोकरीचे पत्र किंवा तेथील प्रांताचे कारागीर प्रमाणपत्र लागते, आणि खरी अडचण तिथेच येते. ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्या कामगारांची परदेशातून होणारी नवी भरती बंद केली आणि कुशल कामगाराच्या व्हिसाची पायरी बहुतांशी पदवीपर्यंत वर नेली. तेव्हा त्या नोकरीच्या आशेवर कोणी केअरगिव्हरच्या कोर्सचे पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत.

आता माझे मत. पदवीधर अधिक कर भरतो आणि नव्या देशात लवकर रुळतो, हा प्राधान्याच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नाही. परंतु एखाद्या देशाला कोणती माणसे हवीत हे पदवीवरून कळत नाही, हे कोकणाइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे? हापूसच्या हंगामात रत्नागिरी आणि देवगडच्या बागांची राखण करणारे, आंबा उतरवणारे आणि मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे नेपाळी कामगार १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसाविना येतात. त्यांच्याकडे दाखला मागितला असता तर आपल्या कितीतरी बागा राखणीवाचून राहिल्या असत्या आणि बोटी बंदरात बांधलेल्या राहिल्या असत्या. धोरणाने कामाची गरज आणि त्या कामातले कसब पाहावे, आणि ज्याला बोलावले त्याला मालक बदलण्याचा हक्क द्यावा. हे अशक्य नाही: कतारने २०२० मध्ये मालकाच्या संमतीपत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली आणि मार्च २०२१ पासून सर्व कामगारांसाठी दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू केले. तेथील अंमलबजावणीत उणिवा आहेत, पण हमालालाही हक्क देता येतो एवढे तरी त्यातून सिद्ध झाले. आणि जे आपण परदेशाकडे मागतो, ते आपल्या बागेतल्या नेपाळी माणसाला आपण देतो का, हेही बागमालकांनी पाहावे. त्याचा पगार लेखी ठरलेला असावा आणि झाडावरून पडला तर उपचाराचा खर्च कोण करणार हे हंगामाआधी बोललेले असावे.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा पॉलिसी आणि एजंटाची पावती यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. एक संच सामानात ठेवावा आणि दुसरा घरी, आई किंवा पत्नी यांपैकी ज्या व्यक्तीला कागद वाचता येतात तिच्या हाती द्यावा, आणि कोणता कागद कशासाठी आहे हे तिला बसून समजावून सांगावे. मालकाने पासपोर्ट काढून घेतला किंवा पगार थकवला, तर तक्रार बहुधा तीच करणार असते. त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा निःशुल्क क्रमांक त्या संचाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.