गॅरेजची फरशी पुन्हा तडकली नाही

लातूरच्या आमच्या घरात गॅरेजची फरशी दर उन्हाळ्यात तडकायची. आधीच्या मिस्त्रीने दोनदा वरून सिमेंट फिरवून पैसे घेतले. दोष खाली होता: काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते.

गेल्या वर्षी मे महिन्यात १० बाय १६ फुटांत दीड फूट माती काढली. त्या जागी अडीच ब्रास (अडीचशे घनफूट) मुरूम, म्हणजे न फुगणारी खडकाळ भरड माती, थराथराने, पाणी मारून धुमसाने ठोकला; वर ४ इंच काँक्रीट. खोदाई उक्ती, म्हणजे पूर्ण कामाचे पैसे आधीच ठरवून दिली, ती मोजता येते. ठोकायला मात्र रोजाने माणसं लावली, कारण उक्त्यात नेमकं हेच काम उरकलं जातं. मजुरी मालापेक्षा जास्त गेली, पण ती रास्तच वाटली. टँकरचं पाणी असूनही काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून त्यावर आळी (पाणी अडवणारे छोटे बांध) करून ती सात दिवस पाण्याने भरून ठेवली.

यंदाचा उन्हाळा सरला, एकही भेग नाही.